घोंगड्याचं जॅकेट

मा. संपादक,
परवा रंकाळ्यावर एक पोरगी दिसली, अंगात घोंगड्याचं जॅकेट, एक बाही कोपरापर्यंत आणि दुसरी पार बोटं झाकतील एवढी, पायात करकर वाजणारी कोल्हापुरी. कट्ट्यावरची मंडळी हसली, मीपण हसलो, खोटं कशाला सांगू. पण जपानच्या फॅशन डिझायनर रेई कावाकुबोनं १९९७ च्या कलेक्शनमध्ये ड्रेसच्या आत पाठीवर, कमरेवर गाद्या भरून बाईचा आकारच बदलला तेव्हा तिलाही नावं ठेवलीच की लोकांनी. आणि आपलं तरी काय, लग्नात डोक्याला फेटा बांधला की रोज पोक काढून चालणारा गडी एकदम ताठ होतोय, आवाजपण बदलतोय त्याचा! ती पोरगी तशीच चालली होती, ऐटीत. जॅकेट शिवलं कुणी तेवढं विचारायचं राहिलं बघा.
- एक वाचक, कोल्हापूर