लहान मेंदू अखंड हाती दिल्याबद्दल, मामा

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

या महिनाअखेर तुम्ही आमच्या शरीररचनाशास्त्र विभागाच्या डिसेक्शन हॉलमधून, म्हणजे दान मिळालेले देह कापून शिकवतात त्या दालनातून, निवृत्त होताय. निरोप समारंभात शाल-श्रीफळ होईल, भाषणं होतील, पण लहान मेंदूबद्दलचे आभार तिथे नीट मांडता येणार नाहीत. म्हणून हे पत्र. ते उघड लिहितोय, कारण तुमच्या जागी येणाऱ्या माणसानं आणि इतर कॉलेजांच्या डिसेक्शन हॉलमध्ये काम करणाऱ्यांनीही ते वाचावं अशी आमची इच्छा आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलांना लहान मेंदू शिकवताना मोठी अडचण ही की तो अखंड मिळणं कठीण. कवटीच्या मागच्या तळाशी, टेन्टोरियम या चिवट पडद्याखाली तो बसलेला असतो. वरून मोठा मेंदू ओढला की मधला मस्तिष्कस्तंभ फाटतो, मोठा मेंदू हातात येतो आणि लहान मेंदू पडद्याखालीच राहतो. मग तो तुकड्यातुकड्यांनी काढावा लागतो, आणि तुकड्यांवरून रचना शिकवता येत नाही.

तुमची पद्धत आम्ही इथे लिहून ठेवतो. कपाळाकडून मेंदू अलगद उचलत, दृष्टीच्या नसा, कॅरॉटिड धमन्या, पिट्यूटरीचा देठ असं एकेक कापत मागे यायचं. टेन्टोरियम दिसलं की थांबायचं. कानाच्या हाडाची जी वरची धार आहे, तिच्या लगत दोन्ही बाजूंनी पडदा कापायचा. पात्याचं टोक खाली घुसू द्यायचं नाही, कारण पडद्याच्या अगदी खाली लहान मेंदूचा वरचा पृष्ठभाग असतो. पुढच्या सगळ्या नसा हाडाजवळ कापायच्या, ओढायच्या नाहीत. शेवटी दोन्ही व्हर्टिब्रल धमन्या, आणि लांब, अरुंद पातं कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून खाली नेऊन मज्जारज्जू जमेल तितका खालून. तो वरच कापला तर टॉन्सिल (घशातले नव्हेत, लहान मेंदूच्या तळाचे दोन उंचवटे) कापले जातात. या सगळ्या वेळात दुसऱ्या हाताचा तळवा मेंदूच्या मागच्या भागाखाली हवाच. नाहीतर स्वतःच्या वजनानं मेंदू मागे कलतो आणि ताण थेट मस्तिष्कस्तंभावर येतो.

सातवी-आठवी नस (चेहऱ्याची आणि कानाची) ओढायची नाही, हा तुमचा आग्रह नवीन मुलांना उगाच कडक वाटतो. पण त्या नसांना लागूनच फ्लॉक्युलस हा इवलासा भाग असतो, आणि नस ओढली की तो फाटतो. त्याचा जोडीदार नोड्यूल मधल्या रेषेत, मेंदूतल्या पाण्याच्या चौथ्या पोकळीकडे तोंड करून असतो. उत्क्रांतीच्या दृष्टीनं हे दोन्ही मिळून लहान मेंदूचा सर्वांत जुना भाग. कानातल्या तोलाच्या अवयवांकडून त्याला थेट खबर मिळते आणि डोकं हलत असताना नजर स्थिर ठेवण्याचं काम तो करतो. तो बिघडला की डोळे थरथरतात आणि माणसाला उभं राहता येत नाही. फ्लॉक्युलस नसलेल्या नमुन्यावर हा सगळा धडा हवेत शिकवावा लागतो.

टॉन्सिलांचंही तसंच. मज्जेच्या (मस्तिष्कस्तंभाचा सगळ्यात खालचा भाग, मेडुला) दोन बाजूंना, छिद्राच्या तोंडाशी ते कसे टेकलेले असतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे मेडिसिनच्या वॉर्डात उपयोगी पडतं. लहान मेंदूत मोठा स्ट्रोक झाला तर पहिल्या काही दिवसांत सूज येते. चौथी पोकळी दाबली जाऊन पाणी तुंबतं, टॉन्सिल छिद्रात उतरतात आणि श्वासाचं केंद्र दाबलं जातं. रुग्ण आधी फक्त चक्कर आणि उलटी सांगत असतो. ती जागा किती अरुंद आहे हे पाहिलेला डॉक्टर अशा रुग्णाला औषध देऊन घरी पाठवत नाही.

मेंदू बाहेर आल्यावरची तुमची घाई आम्हाला फार मोलाची वाटते. मृत्यूनंतर लहान मेंदूचा आतला कणमय थर फार लवकर विरघळू लागतो, मोठ्या मेंदूच्या सालीपेक्षाही लवकर. आणि पेशींची खरी गर्दी तिथेच आहे. 2009 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी पेशी मोजल्या तेव्हा माणसाच्या मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज लहान मेंदूत निघाल्या, आणि वजनानं तो अख्ख्या मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाचा. देहदात्याच्या घरून फोन आला की रात्री-अपरात्री तुम्ही येता, म्हणून तो थर आमच्या स्लाइडवर शाबूत दिसतो. दाता आणि त्याचं कुटुंब एवढं देतं, त्याचं चीज तुमच्यामुळे होतं.

मग मेंदू टिकवून कडक करण्याची तुमची कृती: एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी. मेंदूच्या घनफळाच्या किमान दहापट द्रावण. मेंदूच्या तळावरच्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून, दोन्ही टोकं बादलीच्या कडांना बांधून मेंदू उलटा टांगायचा, तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचा नाही. द्रावण सुरुवातीला एकदा बदलायचं आणि मग दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. टेकलेला मेंदू त्या बाजूनं कायमचा चपटा होतो. लवकर काढला तर बाहेरून कडक, आतून मऊ राहतो आणि सुरी फिरवली की आतला गाभा विस्कटतो.

असा नीट मुरलेला लहान मेंदू मधोमध उभा कापला की पांढऱ्या तंतूंच्या फांद्या आणि त्यांवरच्या करड्या घड्या एका नजरेत दिसतात. वरच्या बाजूची खोल खाच पुढचा आणि मागचा खंड वेगळा करते. मधला पट्टा, म्हणजे व्हर्मिस, धडाचा तोल सांभाळतो. त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा हातापायांच्या हालचाली चालू असताना दुरुस्त करतो. बाहेरचे मोठे गोलार्ध हालचाल सुरू होण्याआधीच तिची आखणी आणि वेळ जुळवतात. त्यामुळे मुलांना वॉर्डात जागा ओळखता येते. लहान मुलांत व्हर्मिसमध्ये गाठ झाली तर मूल बसल्या जागी डोलतं, पण झोपवून तपासलं तर हातपाय बऱ्यापैकी ठीक असतात. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यात व्हर्मिसचा पुढचा-वरचा भाग झिजतो. तो पाय फाकवून चालतो आणि हात मात्र बराच काळ चांगले राहतात. गोलार्ध बिघडला तर बोट नाकाला लावताना पुढे निघून जातं आणि लक्ष्याजवळ आलं की थरथर वाढते.

ताकद मात्र सहसा जात नाही, हालचालींचा मेळ जातो. 1824 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लूरान्स यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून हे मांडलं, आणि पहिल्या महायुद्धात गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी 1917 मध्ये हा मेळ कसा बिघडतो ते माणसात तपशिलानं दाखवलं. मुलं इथेच चुकतात. हात अशक्त आहे असं लिहून मोकळी होतात. हात अशक्त नसतो, तो वेळेवर थांबत नाही.

का थांबत नाही, हे दाखवायला तुम्ही कापून दिलेले लहान मेंदूचे ठोकळे लागतात. लहान मेंदूच्या सालीतल्या मोठ्या चेतापेशीच्या, म्हणजे पर्किंजे पेशीच्या, फांद्या एकाच सपाट प्रतलात पसरतात, घडीला काटकोनात. ठोकळा घडीला आडवा कापला तर चांदीच्या क्षारानं रंगवल्यावर तो पूर्ण पसारा दिसतो, घडीच्या दिशेनं कापला तर नुसती बारीक काडी. तुम्ही प्रत्येक ठोकळ्यावर शाईनं दिशेची खूण करता, म्हणून आमच्या स्लाइड वाया जात नाहीत. या एका पेशीवर कणमय पेशींचे दीड-दोन लाख समांतर तंतू येतात. मोठ्या मेंदूनं काय हुकूम दिला आणि हातपाय प्रत्यक्षात कुठे आहेत, याची खबर ते आणतात. मज्जेतल्या ऑलिव्ह नावाच्या केंद्राकडून मात्र एकच चढणारा तंतू येतो. हालचाल चुकली की तो पेटतो, आणि त्या क्षणी चालू असलेल्या समांतर तंतूंचा जोर कमी होतो. 1969 मध्ये ब्रिटिश संशोधक डेव्हिड मार यांनी इथे शिकणं घडत असावं असा सिद्धांत मांडला. हा जोर खरोखर कमी होतो, हे जपानी शास्त्रज्ञ मासाओ इतो यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगानं दाखवलं. पर्किंजे पेशी स्वतः फक्त आवर घालते. तो आवर योग्य क्षणी बसला, तरच हात पेल्यापाशी थांबतो.

या पेशी उष्णतेलाही नाजूक असतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात उष्माघातातून वाचलेल्या काही रुग्णांची चाल आणि बोलणं कायमचं अडखळतं, त्याचं कारण हे.

आणि लहान मेंदूला मस्तिष्कस्तंभाशी जोडणारे ते तीन देठ! आधी फॉर्मॅलिन धुऊन काढायचं, पातळ आवरण आणि रक्तवाहिन्या सोलायच्या, मग उणे 10 ते उणे 20 अंश सेल्सिअसला आठवडाभर गोठवून पाण्यात वितळू द्यायचं. बर्फाचे कण तंतू सुटे करतात, आणि बोथट लाकडी पट्टीनं ते सोलता येतात. ही पद्धत स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या योझेफ क्लिंगलर यांची, 1935 सालची. तेही शरीररचना विभागात नमुने तयार करणारेच होते, हे आम्ही दर वर्षी वर्गात आवर्जून सांगतो. तुम्ही सोललेल्या नमुन्यात मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागाकडून, म्हणजे पॉन्सकडून, येणारा जाडजूड मधला देठ, मज्जेकडून चढणारा खालचा आणि स्तंभाच्या वरच्या भागाकडे, म्हणजे मध्यमस्तिष्काकडे, जाणारा बारीक वरचा, तिन्ही वेगळे दिसतात. वरचा देठ चुरगळलेल्या पिशवीसारख्या दिसणाऱ्या डेंटेट केंद्रातून निघतो आणि मध्यमस्तिष्कात पलीकडे जातो. मोठ्या मेंदूचा हुकूमही खाली मज्जेत बाजू बदलतो. दोनदा ओलांडल्यामुळे उजव्या लहान मेंदूचा बिघाड उजव्याच हातात दिसतो. हा नियम पाठ करून परीक्षेत उलटा लिहिणारी मुलं खूप. तुमच्या नमुन्यावर बोट फिरवून शिकलेली मुलं तो उलटा लिहीत नाहीत.

एक विनंती आहे, मामा. नवीन माणूस रुजू झाला की त्याला टेन्टोरियमचा छेद एकदा तुमच्या हातानं दाखवा. खालच्या तळव्याचा आधार केव्हा आणि किती द्यायचा, हे लिहून सांगता येत नाही. आणि गोठवण्याच्या डब्यांवरच्या खुणा तुमच्याशिवाय कोणाला कळत नाहीत, त्या तेवढ्या वहीत उतरवून द्या.

तुमचे ऋणी,
शरीररचनाशास्त्र विभागातील सर्व शिक्षक