ओकलंडची मंगळवारची मॅच

फ्रीमाँट, 17 जून 2023

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, बुधवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "अगं, 50 मॅच हरलेल्या संघाला बघायला 27 हजार माणसं जमली कशाला?" तेवढ्यात मला ऑफिसातून बोलावणं आलं आणि उत्तर राहून गेलं. ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून आज शनिवारी निवांत लिहायला बसले. तुम्ही उभी नोकरी शाळेच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवण्यात घालवलीत, त्यामुळे पिचर-कॅचरपासून सुरुवात करायला नको. आईला जिथे कंटाळा येईल तिथे वाचताना दोन ओळी गाळा.

हा बेसबॉलचा संघ म्हणजे ओकलंड ॲथलेटिक्स. इकडे सगळे नुसतं 'एज' म्हणतात. 1968 साली कॅन्सस सिटीहून इथे आला आणि 1972, 1973, 1974 अशी ओळीनं तीन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकला. चौथी 1989 ची. बेस चोरण्यात, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढचा बेस पळून गाठण्यात, नाव काढलेला रिकी हेंडरसन इथलाच. याच गावात वाढला, याच संघाकडून 1982 मध्ये एका मोसमात 130 बेस चोरले आणि कारकिर्दीत 1406. संघाचं स्टेडियम म्हणजे कोलिझियम, तिथल्या मैदानाला आता त्याचंच नाव आहे. स्टेडियम 1966 चं, काँक्रीटचं. फ्रीमाँटहून बार्टमध्ये, म्हणजे इथल्या लोकल गाडीत, बसलं की कोलिझियम स्टेशनवर उतरायचं आणि पुलावरून चालत थेट आत. चकचकीत असं तिथे काही नाही, पण गेल्यावर परकं वाटत नाही.

आता दुखणं सांगते. 2022 च्या मार्चमध्ये मालकांनी मॅट ऑल्सन दुसऱ्या संघाला दिला, मॅट चॅपमन दिला, ख्रिस बॅसिट दिला. मग शॉन मनाया, मग फ्रँकी मोंटास, डिसेंबरात शॉन मर्फी. ज्यांच्या नावाचे शर्ट पोरं घालून यायची ते सगळे वर्षाच्या आत दुसऱ्या गावांत खेळायला लागले. बदल्यात आले ते बहुतेक नवखे. यंदा सगळ्या लीगमध्ये खेळाडूंच्या पगारावर सर्वांत कमी खर्च याच संघाचा आहे. आणि एप्रिलमध्ये संघानं जाहीर केलं की लास व्हेगासला जागा बघितली आहे. गावाला धक्का बसला, पण नवल वाटलं नाही. बास्केटबॉलचे वॉरियर्स 2019 मध्ये पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले, अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स 2020 मध्ये लास व्हेगासलाच. एज हा मोठ्या लीगमधला शेवटचा उरलेला संघ.

लोकांनी मधे चिडून मैदानाकडे पाठ फिरवली होती. मग तेच दाखवून सांगितलं जायला लागलं की बघा, ओकलंडमध्ये कुणी मॅच बघायलाच येत नाही. त्यावर प्रेक्षकांनीच ठरवलं की एक साधा मंगळवार धरायचा आणि त्या दिवशी सगळ्यांनी यायचं. मोसमाच्या मध्यातला, एरवी सर्वांत रिकामा असणारा वार. त्याला इकडे 'रिव्हर्स बॉयकॉट' म्हणाले. मालक जॉन फिशर यांच्यासाठी प्रेक्षकांचा निरोप एका शब्दाचा होता, 'सेल'. विका. तुम्हाला नको असेल तर ज्याला हवाय त्याला विका, पण गावातून नेऊ नका. 'ओकलंड सिक्स्टी-एट्स' नावाच्या चाहत्यांच्या गटानं पैसे जमवून हिरवे शर्ट छापले आणि फाटकाबाहेर फुकट वाटले. मीही घातला.

आई, पार्किंगमध्ये दुपारपासूनच माणसं होती. गाड्यांची डिकी उघडून शेगड्या मांडलेल्या, कणसं भाजत होते, ओळख नसताना हातात देत होते. ढोल होते, हिरवे झेंडे होते. आजोबा, नातवंडं, तान्ही बाळं, सगळं होतं. एवढा राग असलेली माणसं इतकी मायाळू कशी असू शकतात, हे मला तिथे उभं राहून समजलं. राग ज्या गोष्टीसाठी होता तिच्यावर त्यांचा जीव होता.

आता बाबा, तुमचा भाग. समोर टँपा बे रेज, त्या दिवशी सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त मॅच जिंकलेला संघ. मोसमाची सुरुवातच त्यांनी ओळीनं 13 मॅच जिंकून केली होती. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेजसुद्धा पैशानं गरीबच. त्यांचाही पगारखर्च तळातलाच असतो. पण ते खेळाडू पारखतात, त्यांना घडवतात, आणि कुणाला सोडायचं असेल तर बदल्यात कोण येणार याचा आधी विचार करतात. म्हणून "आमच्याकडे पैसा नाही" ही सबब मला पटत नाही. पैसा कमी असणं वेगळं आणि हात आखडून बसणं वेगळं.

एजच्या लाइनअपवर नजर टाकली की एकेकाची गोष्ट दिसते. एस्टेउरी रुईझ मर्फीच्या सौद्यात आला. पहिला बेसमन रायन नोडाला डॉजर्स संघानं खालच्या लीगमध्ये ठेवलं होतं, त्याला नियमाचा आधार घेऊन उचलून आणला. ब्रेंट रूकर हा याआधीच्या संघानं यादीतून काढून टाकल्यावर एजनी घेतलेला. कॅचर शे लँगेलियर्स ऑल्सनच्या बदल्यातला. म्हणजे कुणाला तरी नको असलेली नाहीतर कुणाच्या तरी जागी आलेली मुलं. मॅनेजर मार्क कॉट्सेला याच मुलांतून रोज नऊ नावं लिहायची असतात. आणि इथे तुमच्या सॉफ्टबॉलसारखं नाही हं. तिथे सुरुवातीच्या अकरात... नाही, नऊतल्या मुलीला बाहेर काढून एकदा परत आत घेता येतं. इथे बाहेर गेला तो गेला, त्या मॅचला परत नाही. त्यामुळे समोर डावखुरा पिचर आला म्हणून उजव्या हाताचा बॅटर पाठवायचा, तर आठव्या इनिंगमध्ये काय होईल याचा विचार पाचवीतच करावा लागतो. वर्षाला 162 मॅच, म्हणजे जवळजवळ रोज हा हिशेब.

रुईझवरून आमच्या रांगेत जोरदार वाद चालला होता. यंदा अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एजच्या भागात, बेस चोरण्यात तो सगळ्यांच्या पुढे आहे. तुमच्या मुली पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत बेसवर पाय टेकून असायच्या. इथे रनर आधीच चार पावलं पुढे सरकून उभा असतो आणि पिचरची झोप उडवतो. त्यात यंदा नियम बदललेत. बेस 15 इंचांऐवजी 18 इंचांचे केलेत आणि पिचरला रनरकडे बॉल टाकण्याची किंवा मागे सरकण्याची मुभा एका बॅटरमागे दोनदाच. वर पिच टाकायला घड्याळ लावलंय, बेस रिकामे असतील तर 15 सेकंद. रुईझसारख्या पोराला याहून चांगलं वर्ष कुठलं मिळणार? पण तो वॉक, म्हणजे चार वाइट बॉल सोडून मिळणारा फुकटचा बेस, फार कमी घेतो. वेगवान आहे म्हणून त्याला पहिल्या नंबरवर खेळवायचं, की वॉक घेऊन सारखा बेसवर पोचणाऱ्या नोडाला वर ठेवायचं? माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ मांडीवर स्कोअरबुक घेऊन बसले होते, पेन्सिलीनं एकेक चौकोन भरत. त्यांचं म्हणणं, पहिल्या नंबरचं काम बेसवर पोचणं, धावणं नंतर. मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली, रुईझ बेसवर असला की पिचरचं लक्ष उडतं आणि पुढच्या बॅटरला चांगला बॉल मिळतो, ते कुठल्या आकड्यात दिसत नाही. मला दोघांचंही पटलं, पण माझं मत आजोबांकडे झुकलं. बाबा, तुम्ही कुणाला ठेवला असता?

मंगळवारी डावखुरा नवखा पिचर होगन हॅरिस खेळला आणि एवढ्या मोठ्या संघाला त्यानं सुंदर बांधून ठेवलं. सगळ्या मॅचमध्ये रेजना एकच रन मिळाला.

पाचव्या इनिंगचं ठरलेलं होतं. पहिल्या बॅटरपुरतं कुणी काही बोलायचं नाही. बाबा, 27 हजार माणसं एकाच वेळी गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. ढोल थांबले. बॉल कॅचरच्या हातमोज्यात आदळल्याचा आवाज वरपर्यंत आला. खेळाडूसुद्धा गॅलरीकडे बघायला लागले. बॅटरचं झालं आणि सगळं स्टेडियम एकदम उठलं, "सेल द टीम! सेल द टीम!" माझ्या घशाला दुसऱ्या दिवशी आवाज नव्हता. पण तेवढंच नव्हतं. एकेक आउट मिळाला की हेच लोक आपल्या मुलांसाठी टाळ्या वाजवत होते. मालकावरचा राग एकाही खेळाडूवर निघाला नाही. मला सर्वांत जास्त हेच भिडलं. ती मुलं स्वस्तात आली म्हणून त्यांना कुणी हलकं लेखलं नाही.

1-1 बरोबरी असताना आठव्या इनिंगमध्ये कार्लोस पेरेझचा फटका जमिनीवरूनच गेला. काही भारी फटका नव्हता, स्कोअरबुकात 'फील्डर्स चॉइस' म्हणून लिहिला जातो तसला, म्हणजे फील्डर बॅटरला सोडून दुसऱ्या रनरला आउट करायला बघतो तो. पण रनर होमवर पोचला. 2-1. शेजारच्या आजोबांनी पेन्सिल खिशात घातली आणि मला मिठी मारली. नवव्या इनिंगमध्ये कुणीही खाली बसलं नाही. ओळीनं सातवी मॅच जिंकली! आदल्या आठवड्यात 12 विजय आणि 50 पराभव अशी अवस्था असलेला संघ 19-50 वर आला. प्रेक्षक 27,759. आदल्या रात्री याच दोन संघांच्या मॅचला पाच हजारही नव्हते.

तिकिटाचे पैसे त्याच मालकाकडे जाणार, मग कशाला घ्यायचं, असंही बरेच जण म्हणत होते. पण संघानं त्या दिवशीच्या तिकिटांचे सगळे पैसे, 8,11,107 डॉलर, इथल्या अन्नपेढीला आणि ओकलंडच्या शाळांसाठीच्या निधीला द्यायचं जाहीर केलं. एवढी रक्कम गरजूंच्या कामी येणार, हे चांगलंच झालं.

नंतरच्या बातम्या वाईट आहेत. आम्ही मैदानात होतो त्याच दिवशी लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या सिनेटनं नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा देण्याचं विधेयक मंजूर केलं. बुधवारी दुसऱ्या सभागृहानं आणि गुरुवारी गव्हर्नरांची सही. लीगचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांना मंगळवारच्या गर्दीबद्दल विचारलं, तर ते म्हणाले की एका रात्रीपुरती का होईना, लीगच्या सरासरीच्या जवळ जाणारी गर्दी झाली, हे छान झालं. वाचून मला रडू आलं. मंगळवारी कामावरून सुटून, पोरांना घेऊन, दोन-दोन गाड्या बदलून आलेल्या माणसांबद्दल इतकं कोरडं बोलू नये. लीगच्या बाकीच्या मालकांचं मत पडायचं आहे, त्यामुळे कागदोपत्री सगळं संपलेलं नाही. पण मला आशा कमी वाटते.

बाबा, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ती माणसं जिंकणं बघायला आली नव्हती. कुणाचा बाप 1972 ची वर्ल्ड सिरीज रेडिओवर ऐकायचा, कुणाचं लग्न याच मैदानाबाहेर ठरलं, कुणी दर उन्हाळ्यात पोराला घेऊन त्याच रांगेत बसतं. संघाचे कागद मालकाच्या नावावर आहेत. पण 55 वर्षं त्या रिकाम्या खुर्च्यांना अर्थ या लोकांनी दिला, आणि त्याचा हिशेब कुठल्याच विधेयकात नाही. तो हिशेब निदान एकदा सगळ्यांना दिसावा म्हणून ते आले होते. मी या देशात उशिरा आले, माझा यात वाटा थोडासाच. तरी मला तिथे असायचं होतं. फलटणच्या मैदानावर तुम्ही संध्याकाळी चुन्यानं डायमंड आखायचात आणि दुसऱ्या दिवशी कुणी त्यावर गाड्या लावल्या तर भांडायला जायचात. मैदान शाळेचं नव्हतं, पालिकेचंही म्हणायला होतं. पण तुम्ही भांडलात, म्हणून मुली खेळल्या.

बुधवारी एज हरले, गुरुवारीही. सात विजयांची माळ तुटली. मला त्याचं फार वाटलं नाही. पुढच्या महिन्यात मी परत जाणार आहे, तेव्हा तुमच्यासाठी स्कोअरबुक नीट भरून आणीन. माझ्या खुणा तुम्हाला वाचता येतील, तुम्हीच शिकवल्यात.

आई, पालखी येत्या आठवड्यात फलटणला येईल. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनासुद्धा झाला नाही, त्यामुळे गर्दीत पुढे जाऊ नकोस. काळा चष्मा लाव आणि दुपारचे थेंब विसरू नकोस. बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? डॉक्टरांनी काय सांगितलं ते रविवारी फोनवर नीट सांगा, "ठीक आहे" एवढंच नको. आणि रुईझ की नोडा, तेही सांगा.

तुमची,
धाकटी