निशी-कासाईच्या दादाला, मनापासून थँक्यू

प्रिय दादा,

नाव टाकू नकोस असं तू बजावून सांगितलंयस म्हणून टाकत नाहीये, पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहिणार. फोनवर थँक्यू म्हणायला लागलं की तू "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलतोस. इथे बदलता येणार नाही.

तुझी माझी ओळख ती किती, माझ्या मामेभावाचा तू कॉलेजातला सीनियर, एवढंच. मी गिटार घेऊन जपानला निघालोय, तिथली गाणी तिथेच जाऊन ऐकायचीयेत, असा मेसेज केला तेव्हा वाटलं होतं की हॉटेलची दोन नावं वगैरे पाठवशील. तू थेट लिहिलंस, "हॉटेल कशाला, घरी ये." आणि वहिनीने ओळखपाळख नसताना हॉलचा अर्धा भाग मला आणि माझ्या पेडल्सना देऊन टाकला. तोक्योतल्या निशी-कासाईला उतरल्यावर कोपऱ्यावर हिंदी ऐकू येते, दुकानात तूरडाळ मिळते, त्यामुळे परकं वाटलं नाही हे खरं, पण खरं कारण तुमचं घरच.

राहण्या-जेवण्याचे आभार वेगळे आणि ते मोठेच आहेत. पण मला आज लिहायचंय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल, तू मला गाणं उघडून बघायला शिकवलंस त्याबद्दल. मी इतकी वर्षं गिटारवाल्याच्या कानाने ऐकत होतो, सोलो कुठे आहे, टोन कुठला आहे, पेडल कोणतं. तू बेसवाला, त्यामुळे तुझं सगळं खालून सुरू होतं.

तोक्योतल्याच शिमोकिताझावाची ती पहिली संध्याकाळ आठवते ना, ऑफिसातून तू थेट आलेलास, टाय खिशात. जिना उतरून तळघरात गेलो तर दारावरच्या मुलीने विचारलं, कुठल्या बँडसाठी आलात? मी म्हणणार होतो सगळ्यांसाठी, तू कोपर मारलंस आणि एका बँडचं नाव घेतलंस. नंतर समजावलंस की तिकडच्या लाइव्ह हाऊसमध्ये, म्हणजे बँड वाजवतात त्या छोट्या हॉलांमध्ये, नोरुमा असतो, म्हणजे प्रत्येक बँडने अमुक इतकी तिकिटं खपवायचीच, नाही खपली तर उरलेले पैसे बँडने स्वतःच्या खिशातून भरायचे, त्यामुळे दारावर आपण ज्याचं नाव घेतो त्याच्या खात्यात आपलं डोकं मोजलं जातं. वर प्रत्येकाने पाच-सहाशे येनचं एक ड्रिंक घ्यायचंच. नव्या पोरांवर हा अन्याय आहे असं माझं आजही मत आहे, दिवसभर पार्ट टाइम काम करून संध्याकाळी स्वतःच्याच शोचे पैसे भरायचे म्हणजे काय. पण हेही दिसलं की त्यामुळे अर्धा तास मिळाला की त्यातला एक मिनिट कुणी वाया घालवत नाही. ड्रमर स्वतःचा स्नेअर आणि पेडल घेऊन येतो, दोन बँडच्या मधल्या दहा मिनिटांत स्टेज रिकामं होऊन परत भरतं, आणि साउंडवाल्याकडे आधीच कागद दिलेला असतो, कुठलं गाणं, कुठे आवाज वाढवायचा, कुठे लाइट काढायचा. तू तो कागद मागून घेऊन मला वाचून दाखवलास. पुण्यात आल्यावर पहिली गोष्ट केली ती तसा कागद मराठीत बनवला, आता आमच्या प्रत्येक शोला तो असतो आणि साउंडवाले काका खूश असतात.

मग स्टुडिओ. एकट्या-दुकट्याने जाऊन प्रॅक्टिस करायची असेल तर अगदी कमी दरात खोली मिळते, आदल्या दिवशी फोन करायचा, याला कोजिन रेनशू म्हणतात, हे तू नसतास तर मला कळलंच नसतं. फोनही तूच केलास. आत गेलो तर एका कोपऱ्यात मार्शलचा अँप आणि दुसऱ्या कोपऱ्यात रोलँडचा जेसी-१२०, आणि नंतर ज्या ज्या स्टुडिओत गेलो तिथे हीच जोडी. १९७५ पासून हा अँप बनतोय आणि त्याचा तो स्वच्छ, किंचित गार आवाज ओळखीचाच, पण त्या खोलीत तू माझ्याकडून जे करून घेतलंस ते नवीन होतं. डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' वाजव म्हणालास. जगातला प्रत्येक गिटारवाला पहिल्या महिन्यात वाजवतो ते. मी वाजवलं. तू म्हणालास, आता सरगम म्हण. सा, कोमल ग, म, मग सा, कोमल ग, तीव्र म, म. तिथे थांबवलंस. तो तीव्र मध्यम एक क्षणभर येतो आणि लगेच शुद्धावर उतरतो, सगळं गाणं त्या एका घसरण्यावर उभं आहे, तो काढ आणि वाजव. काढून वाजवलं तर रिफ, म्हणजे ती परत परत येणारी गिटारची ओळ, मेलीच. मग तू बेस लावलास आणि म्हणालास, आता तू नुसतं ऐक, गिटार एकटी सुरू होते, मग हाय-हॅट, मग ड्रम, आणि बेस सगळ्यात शेवटी येतो, आणि येतो तेव्हा काय करतो? काहीच नाही, षड्जावर उभा राहून एकसारखे ठोके देतो. वर रिफ हलतेय आणि खाली जमीन हलत नाही. हे मी हजार वेळा वाजवलेलं गाणं दादा, आणि मला बेस कधी येतो हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

त्यानंतर ओसाकाला गेलो तेव्हा मी हट्टाने नाकानोशिमाला नेलं तुला, फेस्टिव्हल हॉलच्या समोर. जुना हॉल पाडून तिथे नवा बांधलाय, २०१३ ला उघडला, त्यामुळे बघण्यासारखं तसं काही नाही, पण डीप पर्पलच्या 'मेड इन जपान' या लाइव्ह अल्बमचा बहुतेक भाग १९७२ च्या ऑगस्टमध्ये त्याच जागी रेकॉर्ड झाला, १५ आणि १६ ला ओसाका, १७ ला तोक्योचं बुदोकान, आणि पुण्यातल्या आमच्या आधीच्या अख्ख्या पिढीने तो अल्बम कॅसेटवर झिजवलाय. तू फुटपाथवर उभा राहून एक इअरफोन मला दिलास आणि 'चाइल्ड इन टाइम'चा शांत भाग लावलास, म्हणालास गाणं नको ऐकू, लोक ऐक. एवढ्या मोठ्या हॉलात किती शांतता आहे! ऑर्गनचा एकेक स्वर पूर्ण विझू देतात. त्या शांततेत त्यांच्या गायकाला, इयन गिलानला, हळू गायची हिंमत झाली असणार, असं तू म्हणालास आणि मला ते शंभर टक्के पटतं.

तोक्योतल्या ओचानोमिझूचा शनिवार तर मी कधीच विसरणार नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की मेइदाई-दोरी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गिटारची दुकानंच दुकानं, वरच्या मजल्यावर सेकंडहँड, आणि नागानोत मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनलेल्या जुन्या ग्रेको गिटार भिंतीवर टांगलेल्या. मी किमती बघत होतो आणि तू शीना रिंगो या गायिकेचं 'मारुनोउची सॅडिस्टिक' लावलंस. १९९९ चं गाणं, त्यात ओचानोमिझूचं नाव येतं, रिकनबॅकर ६२० गिटार हवीये पण एक लाख नव्वद हजार येन नाहीत असं ती त्याच रस्त्याबद्दल गाते. पण तुला दाखवायच्या होत्या त्या कॉर्ड्स. तिथले वाजवणारे या चालीला गाण्याच्याच नावावरून मारुसा म्हणतात. सी मेजरमध्ये सांगायचं तर एफ मेजर सेव्हन, ई सेव्हन, ए मायनर सेव्हन, सी सेव्हन, आणि परत एफ. दुकानातली एक गिटार उतरवून मागितलीस, खूप नम्रपणे, दोन हातांनी घेतलीस, आणि सावकाश वाजवून दाखवलंस. ई सेव्हनमधला तो कोमल धैवत कसा शुद्ध धैवताकडे ओढतो म्हणून ए मायनर यावाच लागतो. आणि सी, जे खरं म्हणजे आपलं घर, तिथे पोचल्यावरसुद्धा त्यात कोमल निषाद घालून ठेवलाय, त्यामुळे तिथे बसताच येत नाही, परत एफकडे जावं लागतं. चार कॉर्ड्स आणि गाणं कुठेच टेकत नाही. हीच चाल ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या 'जस्ट द टू ऑफ अस'मध्ये आहे हे कळल्यावर मी तिथेच उडालो, तिथे किती मऊ वाटते आणि इथे किती अस्वस्थ.

ओकायामाला जायचं मात्र तुझ्या डोक्यातलं. पुणेकर आहेस, सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून केलंय ती बघायला नको का, म्हणालास. कोराकुएन बघितली, तीनशे वर्षांपूर्वीची, पाण्याचे पाट, मोकळी हिरवळ, लांबवर काळा किल्ला, आणि आपल्याकडचा तो छोटा पूल आठवून फार बरं वाटलं. पण तुझं खरं कारण वेगळं होतं, ब्लू हार्ट्स या पंक बँडचा गायक कोमोतो हिरोतो ओकायामाचा. ट्राममध्ये बसून तू 'लिंडा लिंडा' ऐकवलंस, १९८७ चं. सुरुवातीला नुसती गिटार आणि आवाज, गटारातल्या उंदराबद्दल इतक्या मायेने गातो की वाटतं हे संथ गाणं आहे, आणि मग ड्रम पडतात आणि सगळं फुटतं. सोप्या कॉर्ड्स, एकच नाव परत परत. मी म्हणालो यात अॅनालिसिस करण्यासारखं काय आहे? तू म्हणालास, तो शांत भाग किती लांब ठेवलाय ते बघ, अजून थोडा असता तर कंटाळा, थोडा कमी असता तर स्फोट नाही. खरं आहे. अवघड कॉर्डपेक्षा हे ठरवणं अवघड.

आणि आता ती चौकोनांच्या कागदाची गोष्ट. तुला कदाचित वाटलं असेल की जेवणानंतरचा टाइमपास होता, माझ्यासाठी सगळ्या प्रवासात मोठी गोष्ट तीच. तू सांगितलंस की १९७०-७१ च्या सुमारास तिकडे मोठा वाद झाला होता, जपानीत रॉक गाता येतो का, की इंग्लिशमध्येच गायचा. हॅपी एंड या बँडने जपानीतच गायचं ठरवलं, आणि १९७१ च्या त्यांच्या 'काझेमाची रोमान'मध्ये 'काझे ओ आत्सुमेते' आहे, शब्द ड्रमर मात्सुमोतो ताकाशीचे, आवाज होसोनो हारुओमीचा. तेच होसोनो पुढे वायएमओ, म्हणजे यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या बँडमध्ये. आपल्याकडे हाच प्रश्न मराठीबद्दल अजून विचारतात, मला प्रत्येक शोनंतर कुणीतरी विचारतंच.

तू चारशे चौकोनांचा तो जपानी लिहायचा कागद काढलास आणि त्या गाण्याची पहिली ओळ देवनागरीत एकेका चौकोनात भरलीस. त्यांच्याकडे प्रत्येक तुकड्याला सारखा वेळ, निप्पोन म्हणजे नि, प्, पो, न असे चार, त्या अडकलेल्या प् ला सुद्धा स्वतःचा चौकोन. मग खालच्या ओळीत माझ्या गाण्याची ओळ लिहायला लावलीस, 'रस्ता संपत नाही रात्री'. अक्षरं मोजली तर नऊ, अक्षरामागे एक सूर दिला तर बारमध्ये, म्हणजे ठेक्याच्या एका आवर्तनात, बसतच नाहीत. तू म्हणालास अक्षरं नको, मात्रा मोज, शाळेत लघु-गुरू केलंयस ना. र च्या पुढे जोडाक्षर म्हणून र गुरू, त्या स् चं वजन र वर. र दोन, स्ता दोन, सं दोन, प एक, त एक. आठ. बरोबर एक बार. नाही रात्री, परत आठ, दुसरा बार. मी टेबलावर आठाचा ठेका धरला आणि ओळ आपोआप बसली, सम र वर, स्नेअर स्ता वर. वहिनी आतून म्हणाली, हे आता गाणं वाटतंय.

त्याच कागदावर मग अभंगाचं ६-६-६-४ मांडलंस, शेवटचा चरण दोन अक्षरांनी तोकडा, आणि ती रिकामी जागा म्हणजे बँडला मिळालेली जागा आहे, तिथे गाऊ नकोस, तिथे वाजव, असं म्हणालास. दादा, आमच्या नव्या गाण्याचा सगळा ढाचा त्या एका वाक्यावर उभा आहे. चौथा चरण संपला की गायक गप्प आणि तिथे बेसची फ्रेज. गेल्या महिन्यात सुदर्शन रंगमंचावर छोटा शो केला तेव्हा लोक नेमके त्या जागी टाळ्यांवर आले, कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं तू ऑफिस सांभाळून केलंस, शेवटची ट्रेन पकडायला माझ्याबरोबर धावलास, स्टुडिओत माझ्यासाठी वाकून वाकून बोललास, आणि एका पैशाचा हिशोब मांडू दिला नाहीस. मनापासून, अगदी मनापासून आभार. वहिनीचे दुप्पट. भाजणी आणि गोडा मसाला आईने बांधून ठेवलाय, पुढच्या महिन्यात एक मित्र येतोय त्याच्याबरोबर पाठवतो.

आणि हो, रेकॉर्डिंग सुरू केलंय. दुसऱ्या कडव्यानंतरची बेसची फ्रेज मी कुणालाच वाजवू दिलेली नाही, ती तू वाजवायचीस. क्लिक आणि गाइड ट्रॅक मेल केलाय, टेम्पो ११२, पट्टी ई मायनर. सवडीने कर, पण नाही म्हणू नकोस.

तुझा,
पुण्याचा धाकटा