अ‍ॅसिडिटीची बाटली आणि अंगावर पिणारं बाळ

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, वहिनीला छातीत जळजळतंय म्हणून अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध दिलं, तर बाळाला त्या दिवशी वरचं दूध द्यायचं का, असं तू विचारलंस. नाही द्यायचं. बाळ जसं पितंय तसंच पिऊ दे. पण “पोटाची औषधं चालतात” एवढंच सांगून फोन ठेवणं बरोबर नाही, कारण काही अजिबात चालत नाहीत आणि ती त्याच फडताळात, तशाच दिसणाऱ्या पट्टीत असतात. म्हणून सविस्तर लिहिते.

औषध दुधात यायचं तर ते आधी आईच्या रक्तात उतरावं लागतं. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट ही नेहमीची अँटासिडं, म्हणजे पोटातलं आम्ल मारणारी औषधं, बहुतांशी पोटातच काम करतात, रक्तात फारच थोडी जातात. गॅसवरचं सिमेथिकोन तर शोषलंच जात नाही, जसंच्या तसं शौचावाटे बाहेर पडतं. जेवण वर येऊ नये म्हणून देतात ते अल्जिनेटही तसंच. त्यामुळे पाजून झाल्यावरच औषध घ्यायचं, मग इतके तास थांबायचं, ही कसरत या औषधांसाठी करायची गरज नाही.

पातळ अँटासिड बाटली चांगली हलवून साधारण १० मिली, जेवणानंतर तासाभराने द्यायचं. रिकाम्या पोटी घेतलं तर अर्ध्या तासात पुढे सरकतं आणि जळजळ परत येते; जेवणानंतर घेतलं तर दोन-तीन तास टिकतं. अ‍ॅल्युमिनियमने शौचाला खडा होतो, मॅग्नेशियमने पातळ होतं, म्हणून बहुतेक बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात. वहिनीला आधीच खडा होत असेल तर नुसत्या कॅल्शियमच्या चघळायच्या गोळ्या नकोत, त्यांनी तो वाढतो.

आता एक गोष्ट, जी बाळापेक्षा वहिनीच्याच तब्येतीची आहे. अँटासिड पोटात असताना लोहाची गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तास. महिनोन्‌महिने लोह घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. आणि छातीतली जळजळ मुळात लोहाच्या गोळीनेच, किंवा टाके दुखतात म्हणून रिकाम्या पोटी घेतलेल्या आयबुप्रोफेनने होत असेल, तर आधी त्या गोळ्या जेवणानंतर घ्यायला सांग. मग बाटलीची वेळ येणारही नाही.

अँटासिडने भागलं नाही तर पोटात आम्लच कमी तयार करणारं फॅमोटिडीन, २० मिग्रॅ. ते दुधात येतं, पण थोडं. लहान बाळांना स्वतःला आजारात जो डोस देतात त्याच्यापुढे ते नगण्य आहे. तासाभरात लागू पडतं आणि दहा-बारा तास टिकतं, म्हणून रात्रीच्या त्रासाला बरं. याच घराण्यातलं सिमेटिडीन मात्र नको: ते दुधात साठतं. रॅनिटिडीनची जुनी पट्टी घरात असेल तर ती काढून टाका. त्यात एनडीएमए नावाचं, कॅन्सरचा धोका वाढवू शकणारं द्रव्य तयार होत असल्याचं आढळलं आणि २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं.

आम्ल आणखी जोरात कमी करणाऱ्या ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल यांचं दुधातलं प्रमाण फारच कमी असतं, आणि जे येतं त्यातलं बरंचसं बाळाच्या पोटातल्या आम्लानेच नष्ट होतं. वहिनीने ते सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायचं, गोळी-कॅप्सूल न फोडता, न चावता. पूर्ण गुण यायला एक ते चार दिवस लागतात. पहिल्याच संध्याकाळी “काही उपयोग नाही” म्हणून दुसरी गोळी देऊ नकोस. स्वतःच्या मनाने १४ दिवसांपलीकडे नाही.

बाबा, भिंग घेऊन पट्टीची मागची बाजू वाचायचं काम तुमचं. पुढे मोठ्या अक्षरांत असतं त्याने काहीच कळत नाही. मागे “पॅन्टोप्रॅझोल” शेजारी “डोमपेरिडोन” लिहिलेलं सापडेल, तर ते वेगळं औषध झालं. त्याने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक, वाढतं, म्हणून दूध वाढावं यासाठीही काही जणी ते घेतात. पण हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्येच दूध वाढवण्यासाठी ते वापरू नये असा इशारा दिला होता. स्तनाग्रांना बुरशीचा संसर्ग झाला की फ्लुकोनॅझोल देतात. ते आणि डोमपेरिडोन एकत्र घेतले तर हा धोका वाढतो, म्हणून ती जोडी टाळायचीच. एकटं डोमपेरिडोन डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिलं असेल तर ठीक. आम्लपित्ताच्या कॅप्सूलमधून नकळत पोटात जाणं ठीक नाही.

पाण्यात टाकल्यावर फसफसणारी पावडर किंवा गोळी असेल तर आणखी नीट बघा. तिच्यात बहुधा सोडियम बायकार्बोनेट असतं. ते रक्तात शोषलं जातं आणि सोडियमही भरपूर पोटात जातं; गरोदरपणात बीपी वाढलं होतं त्या बाईला तर ते नकोच. काहींत अ‍ॅस्पिरिनही असतं, “अ‍ॅसिटिलसॅलिसिलिक अ‍ॅसिड” असं लिहिलेलं. गुलाबी रंगाच्या पोटाच्या औषधात “बिस्मथ सबसॅलिसिलेट” असतं. सॅलिसिलेट हा शब्द दिसला की बाटली बाजूला. सॅलिसिलेट दुधातून बाळाकडे जातं, आणि विषाणूच्या तापात लहान मुलांना त्याने रेज सिंड्रोम, म्हणजे मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा आजार होऊ शकतो. धोका दुर्मीळ आहे हे खरं, पण सुरक्षित औषधं हाताशी असताना तो घ्यायचा कशाला?

पोटात मुरडा आला की घराघरांत जी गोळी काढतात, तिच्यात पुष्कळदा डायसायक्लोमीन असतं. दूध पाजणाऱ्या आईला ते देत नाहीत. त्याने अगदी लहान बाळांचा श्वास अडखळल्याच्या नोंदी आहेत, शिवाय दूधही कमी होऊ शकतं. तुझ्या डब्यातली ती गोळी वहिनीच्या हाती लागणार नाही अशी ठेव, आई.

जुलाब झाले तर आधी पाणी, गोळी नंतर. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने टाकलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. अंगातलं पाणी गेलं की दूध आटल्यासारखं होतं. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी दुधात फारच कमी येते, एक-दोन दिवस चालते: आधी ४ मिग्रॅ, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २, दिवसाला ८ च्या वर नाही. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर ही गोळी द्यायची नाही, डॉक्टर गाठायचे. आणि जुलाबातही बाळ अंगावर पिऊ दे. जुलाबाचे जंतू सहसा दुधातून जात नाहीत, हातांमार्फत जातात. साबणाने हात धुणं महत्त्वाचं.

बद्धकोष्ठतेला इसबगोल, लॅक्टुलोज निर्धास्तपणे चालतात. इसबगोल एक चमचा किमान २४० मिली पाण्यात, आणि फुगायच्या आत पिऊन टाकायचं, नाहीतर घशात अडकतं. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. बिसाकोडिलही चालतं, पण अँटासिड किंवा तिने प्यायलेल्या दुधाच्या आगेमागे तासभर नको: गोळीवरचं आवरण पोटातच विरघळतं आणि कळा येतात. एरंडेल नको.

हे सगळं पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी लिहिलंय. बाळ वेळेआधी झालं असतं तर मी प्रत्येक गोळी बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्या म्हटलं असतं. नवं औषध सुरू केल्यावर बाळ जास्त झोपाळू झालं, पिईनासं झालं किंवा २४ तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, तर औषध थांबवून डॉक्टरांना दाखवा.

वहिनीची शौच काळी झाली तर आधी लोहाची गोळी आठवा, तिने होते. पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर घरात थांबायचं नाही.

आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं, तर त्याला पित्त समजून अँटासिड पाजत बसू नका. बाबांचं बीपीचं यंत्र घरात आहेच, ते आधी लावा. गरोदरपणात बीपी नॉर्मल असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी धोकादायक वाढण्याचा आजार, होऊ शकतो, आणि तो असाच, पोटदुखी म्हणून समोर येऊ शकतो. १४०/९० किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६०/११० किंवा जास्त आलं, किंवा सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, धूसर दिसत असेल, तर आकडा काहीही असो, रात्री-अपरात्रीसुद्धा थेट हॉस्पिटल. बाळालाही सोबत न्या, तिथे पाजता येतं.

तुमची,
लेक