गच्चीचं कुलूप तासभर उघडा

मा. संपादक,

नेरूळच्या आमच्या सोसायटीत गच्चीला बारमाही कुलूप असतं. टाक्या आहेत, अँटेना आहेत, मुलं कठड्यावर चढतात. ही कारणं काही खोटी नाहीत. तरीही मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस, रात्री 10 ते 11, मोठ्यांच्या देखरेखीखाली ते उघडावं अशी माझी नेरूळ, सीवूड्स, वाशीतल्या सगळ्याच सोसायट्यांना कळकळीची विनंती आहे.

त्या आठवड्यात साडेदहाच्या सुमारास स्वातीचा तारा आपल्या माथ्यावर येतो. माथ्यावर म्हणजे ओळंबा सोडावा इतका सरळ. नेरूळचा अक्षांश 19 अंशांच्या किंचित वर आणि पंचांगात जिला क्रांती म्हणतात, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर, ती स्वातीची क्रांतीही तेवढीच. नागपूरकरांना तो दोन अंश कललेला दिसेल, आपल्याला नाही. सतरंजीवर उताणं पडायचं, बस्स. खात्री करायची तर सप्तर्षीतल्या अंगिरस, वसिष्ठ, मरीची या शेपटीचा बाक तसाच पुढे न्यायचा. पहिला ठळक नारिंगी ठिपका तो स्वाती. आणखी पुढे गेलं की निळसर पांढरी चित्रा.

माझी सारी नोकरी दिवाबत्तीत गेली, म्हणून हा रंग मला फार जवळचा वाटतो. स्वातीच्या पृष्ठाचं तापमान साधारण 4300 केल्विन. बल्बच्या खोक्यावर हा आकडा असता तर दुकानदाराने त्याला ‘नॅचरल व्हाइट’ म्हणून विकलं असतं! पण चित्रा 20 हजारांच्या वर असल्याने तिच्याशेजारी हा नारिंगी दिसतो. वस्तुमान जवळपास आपल्या सूर्याएवढंच, मात्र गाभ्यातला हायड्रोजन संपल्यामुळे फुगून व्यास सूर्याच्या 25 पट झालेला. अंतर सुमारे 37 प्रकाशवर्षं. मी 1989 साली पहिल्यांदा खांबावर चढलो, त्या सुमारास निघालेला उजेड आत्ता गच्चीवर पोचतोय.

संध्याकाळी पथदिवे आपोआप लागतात ते फोटोसेलमुळे, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या विद्युत उपकरणामुळे. 1933 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचे दिवे लावले गेले ते याच स्वातीच्या उजेडाने. दुर्बिणींनी तो फोटोसेलवर पाडला आणि त्यातून आलेला क्षीण प्रवाह वाढवून स्विच दाबला गेला. तेव्हा तारा 40 प्रकाशवर्षांवर आहे असं मानत, म्हणजे तो उजेड 1893 च्या शिकागो प्रदर्शनाच्या वेळी निघालेला. विवेकानंद जिथे बोलले ती सर्वधर्म परिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. मला हे कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

गेल्या वर्षी गच्चीची किल्ली मिळाली नाही म्हणून नातीला घेऊन एका उद्यानात गेलो. तारा वर यायच्या आत शिट्टी वाजली आणि फाटक बंद झालं. परतताना पोरीने विचारलं, ‘आजोबा, तो आपल्या घरावर आला असेल का आता?’ आला होता.

आणखी एक. तो तासभर इमारतीच्या माथ्यावरच्या शोभेच्या पट्ट्या आणि गच्चीवरचे फ्लडलाइट बंद ठेवावेत. जिन्यातले दिवे मात्र चालू राहू द्यावेत, पडझड नको. स्वाती एवढा ठळक आहे की रस्त्यावरच्या उजेडातूनही दिसेल, फक्त डोळ्यांवर थेट झोत नको. आणि हे जूनवर ढकलू नये, पाऊस आला की आभाळ गेलं.

— एक निवृत्त वीजकर्मचारी, नेरूळ, नवी मुंबई