मोबाइल होल्डर घेताना आधी हँडल मोजा

महोदय,
साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासला जाणाऱ्या अनेक दुचाकींवर मोबाइल होल्डर दिसतो, पण तो नीट बसवलेला क्वचितच. बहुतेक गाड्यांचा हँडलबार क्लॅम्पच्या (होल्डर धरणाऱ्या पकडीच्या) जागी 22 मिलिमीटर जाड असतो. त्यावर 28 चा क्लॅम्प रबराच्या तीन-चार घड्या कोंबून आवळला, की खड्ड्यात तो फिरतो आणि फोन टाकीवर आपटतो. चारही कोपरे धरणारा, धातूच्या क्लॅम्पचा होल्डर घ्यावा. नुसत्या स्प्रिंगवर विसंबू नये. पहिल्या फेरीनंतर बोल्ट काढून त्याच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एकच थेंब देऊन तो पुन्हा आवळावा, प्लास्टिकला मात्र हा द्रव लागू देऊ नये, तडे जातात. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लचची केबल अडकत नाही ना, हे पाहावेच. इंजिनाच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातले स्थिरीकरण (चित्र हलू न देणारी यंत्रणा) बिघडू शकते, म्हणून थरथर शोषणाऱ्या रबरी डॅम्परचे पैसे वाचवू नयेत.

— एक वाचक, सातारा