मुलांना ज्यू समजावायचे तर सुरुवात नवगावपासून करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवते. वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन सगळी मुलं आहेत, ज्यू मात्र एकही नाही. एकदा सहज विचारलं, ज्यू म्हणजे कोण रे, तर दोघंतिघं हिटलर म्हणाले, एक जण इस्रायलचं युद्ध म्हणाला आणि संपलं. अहो, ठाण्यातच १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे!

मग मीच बसून चार पानं तयार केली. नवगावपासून सुरुवात केली, अलिबागजवळचं. तिथे जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, पुढे त्यांची माणसं कोकणात गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवार हा त्यांच्या धर्मात विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले, अशी बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची आख्यायिका आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावं फळ्यावर लिहिली आणि रायगडच्या नकाशात गावं शोधायला लावली. ज्यू लोक मराठी बोलतात हेच कितीतरी मुलांना नवीन होतं.

सगळ्यात रंगला तो माशांचा खेळ. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू पाहुण्याने मासे पुढे ठेवले आणि बायकांनी खवले-पर नसलेले, म्हणजे ज्यू धर्मात वर्ज्य असलेले, बाजूला काढले, त्यावरून त्याने ओळखलं की हे आपलेच लोक, अशी गोष्ट सांगतात. मी चित्रांची कार्डं केली. पापलेट चालतं, कोळंबी नाही, चिंबोरी नाही. कोळीवाड्यातली पोरं तर माझ्या चुका काढायला लागली. पुढे मलिदा हा त्यांचा प्रसादाचा विधी आला, पोहे, खोबरं, साखर, फळं आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताची आठवण, तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, टीचर, मलिदा आमच्याकडेही असतो, आणि हे नबी म्हणजे आमचे इलियास ना? तेच, बाळा.

एक चूक मात्र झाली होती. रंगवायला म्हणून एका पानावर मी देवाचं नाव हिब्रूत मोठ्ठं छापलं होतं. ओळखीच्या एका बेने इस्रायली आजोबांना आधी दाखवलं म्हणून बरं, ते म्हणाले, हे नाव असलेला कागद आम्ही टाकत नाही, साठवून कब्रस्तानात पुरतो, आणि तुमची वर्कशीटं तर वर्षअखेरीस रद्दीत जाणार. ते पान काढून टाकलं. नुसत्या नेटवरून हे मला कधीच कळलं नसतं.

हॉलोकॉस्ट, म्हणजे हिटलरच्या काळातला ज्यूंचा नरसंहार, शिकवायलाच हवा, पण ज्यांची ओळखच नाही त्यांची ओळख त्यांच्या मरणापासून करून द्यायची हे मला पटत नाही.

१८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकरांनी मुंबईत बेने इस्रायली मुलांसाठी शाळा काढली, ती आजची माझगावची सर एली कदुरी शाळा, तिथेही आता बहुतेक मुलं इतर धर्मांची आहेत. म्हणजे हे साहित्य आता ज्यू मुलांपुरतं करून भागणार नाही. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तर शिक्षण विभागाने मराठी आणि उर्दूत एक छोटी पूरक पुस्तिकाही काढावी, आणि छापायच्या आधी ती बेने इस्रायली माणसांना वाचायला द्यावी ही कळकळीची विनंती. माझी चार पानं आणि माशांची कार्डं कुणाला हवी असतील तर मी आनंदाने देईन.

आपली,
एक शिक्षिका, ठाणे